आत्याची कबर तिच्या मुलांना न विचारता शोधता येईल का?

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. त्यांचे बाबा ८३ वर्षांचे. बाबांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे ताईंच्या आत्याने, १९६८ साली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला असलेल्या एका ख्रिश्चन माणसाशी लग्न केलं. आजोबांनी त्या दिवसापासून तिचं नाव घरात काढू दिलं नाही. १९८४ च्या सुमारास ती वारल्याचं कुणाकडून तरी उडत उडत कळलं, वय चाळिशीच्या आत, आणि घरातून कुणीही गेलं नाही. आता बाबा रोज एकच म्हणतात, मला तिच्या मातीवर फुलं वाहायची आहेत. ताई खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन आल्या, तिथे नाव सापडलं नाही. आत्याला दोन मुलं आहेत पण संबंध नाहीत, "कुठल्या तोंडाने फोन करू, त्यांना न कळवता शोधता येईल का" असं त्यांनी विचारलंय.

ताई, शोधता येईल, निदान बऱ्यापैकी जवळ तरी पोचता येईल. पण मुलांना न कळवता हे जे म्हणताय ना, त्याबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंय, ते पुढे.

आधी वॉर सिमेट्रीचं डोक्यातून काढून टाका. तिथे नाव नाही म्हणून तुम्ही फार खचल्यात असं पत्र वाचताना वाटलं, पण ती जागा तुमच्या आत्यासाठी नव्हतीच. ती सैनिकांची दफनभूमी आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत आणि पहिल्या महायुद्धात भारतात वारलेल्या, ज्यांच्या कबरी जागोजागी राखणं शक्य नव्हतं अशांची नावं स्मारकावर कोरलेली आहेत. हिरवळ, एकसारखे दगड, सगळं टापटीप, त्यामुळे खडकीत ख्रिश्चन कबर म्हटलं की लोक तिथेच पाठवतात. १९८४ साली वारलेली एक गृहिणी तिथे असण्याचं कारणच नाही. नेटवर शोधायला गेलात तर अशाच ब्रिटिशकालीन कबरींच्या साइट्स समोर येतील, त्यात गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन घरांच्या नोंदी असतात, तुमच्या कामाचं तिथे काही मिळणार नाही, वेळ घालवू नका.

आता जरा कठीण प्रश्न. आत्याला पुरलंच होतं हे नक्की का? पत्रात तुम्ही ते गृहीत धरलंय. तिने बाप्तिस्मा घेऊन चर्चमध्ये लग्न केलं असेल तर बहुतेक दफनच, पण लग्न रजिस्टर पद्धतीने झालं असेल, १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली, तर तिने धर्म बदललाच असेल असं नाही, आणि मग तिला अग्नी दिला असण्याचीही शक्यता राहते. तसं असेल तर तुम्ही सिमेट्र्या पालथ्या घालाल आणि हाती काही लागणार नाही. म्हणून सगळ्यात आधी बाबांजवळ शांतपणे बसा, घरात बाकी कुणी नसताना, आणि लग्न कुठे झालं ते विचारा. भाऊ होता, त्याला काहीतरी माहीत असणारच. कदाचित तिने लपून पाठवलेलं एखादं पत्र असेल, लग्नाचा फोटो असेल, फोटोत मागे चर्चची कमान, खिडकी, पाटी काहीही दिसलं तरी पुरतं. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नसेल, त्यामुळे पहिल्यांदा विचारल्यावर "मला काय माहीत" म्हणतील, लगेच सोडून देऊ नका, दोन दिवसांनी पुन्हा चहा करून बसा.

लग्न चर्चमध्ये झालं असेल तर पुढचा प्रश्न हा की कुठल्या चर्चमध्ये. सगळा शोध याच्यावर उभा आहे. आपल्यासारख्या बाहेरच्यांना वाटतं ख्रिश्चन म्हणजे एकच, जवळच्या सिमेट्रीत नेलं असेल, तर तसं नसतं. माणूस ज्या मंडळीचा, म्हणजे ज्या चर्चच्या समुदायाचा, सभासद, त्या मंडळीचा पाळक किंवा फादर दफनविधी करतो, त्या मंडळीला जिथे जागा आहे तिथे कबर होते आणि त्या चर्चच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. कॅथलिकांमध्ये तर दफन झाल्यावर मृतांच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची हा चर्चच्या कायद्यातलाच नियम आहे. खडकीत सेंट इग्नेशियस हे कॅथलिक चर्च, ऑल सेंट्स हे सीएनआयचं, म्हणजे प्रॉटेस्टंट, शिवाय पुण्यात मेथडिस्ट आहेत, साल्व्हेशन आर्मी आहे, गुरुवार पेठेत पंचहौदचं पवित्र नाम देवालय आहे, आणि कारखान्यात नोकरी खडकीला असली तरी माणूस रविवारी आपल्या जुन्या मंडळीत कॅम्पात नाहीतर पेठेत जात असेल. यजमान कॅथलिक होते की प्रॉटेस्टंट एवढं कळलं तरी निम्मा शोध संपला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे गोंधळ होणार नाही. १९७० साली नागपूरला बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झालं. आत्याचं लग्न त्याच्या आधीचं आणि मृत्यू नंतरचा, त्यामुळे एकाच चर्चचं नाव लग्नाच्या कागदावर एक आणि दफनाच्या नोंदीत दुसरंच दिसू शकतं. चर्च तेच असतं. बहुतेक मेथडिस्ट त्यात गेले नाहीत, ते आजही वेगळे आहेत.

चर्चच्या ऑफिसात जाताना रविवारी उपासनेच्या आधी जाऊन उभ्या राहू नका, तेव्हा कुणालाच वेळ नसतो. आधी फोन करून आठवड्यातला दिवस विचारून घ्या आणि एका कागदावर नीट लिहून न्या: यजमानांचं पूर्ण नाव, कारखान्यातली नोकरी, आत्याचं माहेरचं नाव, अंदाजे वय, लग्नाचं साल, आणि दफन रजिस्टरमध्ये १९८३ ते १९८५ बघायचंय ही विनंती. खाली तुमचं नातं आणि फोन नंबर. साल नेमकं माहीत नाही म्हणून मागचं-पुढचं एकेक धरायचं, उडत आलेल्या बातमीचं साल हमखास चुकतं. आणि आत्याच्या पहिल्या नावावर अडून बसू नका, बाप्तिस्म्याला वेगळं नाव घेतलं असेल तर तेच लिहिलेलं असणार, त्यामुळे बोट यजमानांच्या नावावर ठेवून खाली यायचं, "अमक्याची पत्नी" अशी नोंद सापडते. आडनावावरून काही कळेल असंही समजू नका, आपल्याकडच्या ख्रिश्चन घरांत गायकवाड, शिंदे, साळवे, पवार सगळे आहेत, रजिस्टर इंग्रजीत असेल तर स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीचं, उच्चार करून वाचायचं. बहुतेक ठिकाणी रजिस्टर तुमच्या हातात देणार नाहीत, ते स्वतः बघून सांगतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका, त्या पानावर दुसऱ्यांच्या घरची दुःखंही लिहिलेली असतात. शोधण्याची फी असली तर भरा, नसली तर दानपेटीत टाका.

अजून एक, काही रजिस्टरांमध्ये मृत्यूच्या कारणाचाही रकाना असतो. चाळिशीच्या आतलं मरण आहे ताई, काय लिहिलं असेल सांगता येत नाही, बाळंतपण असेल, आजार असेल, दुसरंही काही असेल. पहिल्यांदा ते पान तुम्ही एकट्याने बघा. बाबांना बरोबर नेऊन तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवू नका.

आता सरकारी नोंद. तिच्यातून कबर सापडणार नाही हे आधी सांगते कारण बरेच जण मृत्यूचा दाखला हातात आला की त्यात दफनभूमी शोधत बसतात. दाखल्यावर नाव, तारीख, मृत्यूचं ठिकाण, नवऱ्याचं नाव, पत्ता असं असतं, पुरलं कुठे ते नसतं. पण नेमकी तारीख मिळते, आणि तारीख मिळाली की चर्चमध्ये तीन वर्षांची पानं चाळायच्या ऐवजी एका आठवड्याची बघायची. नोंद राहत्या घराप्रमाणे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथल्या हद्दीत होते. खडकीच्या क्वार्टरमध्ये किंवा कँटोन्मेंटच्या दवाखान्यात गेली असेल तर खडकी कँटोन्मेंट बोर्ड, ससूनला हलवलं असेल तर पुणे महापालिका, कॅम्पातल्या हॉस्पिटलात असेल तर पुणे कँटोन्मेंट बोर्ड, तिन्हींची रजिस्टरं वेगळी. पिंपरी-चिंचवड महापालिकाच मुळी १९८२ ची, तिकडच्या हद्दीत काही झालं असेल तर तिथे विचारा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फी भरून नोंद शोधून मागता येते, तुम्ही वारस आहात का असं विचारून कुणी परत पाठवायला लागलं तर हे कलम अर्जात लिहा. उताऱ्यात मृत्यूचं कारण मात्र देत नाहीत, तेही त्याच कलमात आहे. नोंद सापडली नाही तर तसं लेखी मागून घ्या, म्हणजे त्या हद्दीवर काट मारून पुढच्या ऑफिसात जाता येईल.

छापील कागदात शोधायचं असेल तर प्रॉटेस्टंटांचं ज्ञानोदय हे नियतकालिक आहे, १८४२ पासूनचं, आणि कॅथलिकांचं निरोप्या, १९०३ पासूनचं. मंडळीत जुनं कुणी असेल तर त्यांच्या घरी अंक बांधून ठेवलेले असतात, त्यात १९८४ ची निधनवार्ता असू शकते. पण हे सवडीने, बाबांचं वय बघता आधी चर्च.

समजा नोंद मिळाली, सिमेट्री कळली. सोलापूर रोडची सेंट सेपल्कर्स असेल नाहीतर दुसरी कुठली. आत गेल्यावर काय दिसेल त्याची मनाची तयारी करून जा. कच्ची कबर म्हणजे मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस, चार पावसाळे गेले की क्रूस पडतो, उंचवटा बसतो. दगड बसवून पक्की करायला पैसे लागतात, एका कामगाराच्या घरात बायको दोन लहान मुलं ठेवून गेली असताना तेव्हा ते झालं असेल की नाही कुणास ठाऊक. म्हणून दगडांवर फक्त आत्याचं नाव शोधू नका, यजमानांचं शोधा. पुष्कळदा नवरा नंतर जातो, त्याला त्याच कबरीत ठेवतात आणि मुलं कमावती झालेली असतात म्हणून दगड तेव्हा बसतो, त्यावर दोघांची नावं येतात, कधी एकट्याचंच. कित्येक आवारांत कॅथलिक भाग आणि प्रॉटेस्टंट भाग वेगळा असतो तेही विचारून घ्या. तिथला वॉचमन, माळी, खड्डे खोदणारी माणसं यांच्याशी बोला, बापाकडून मुलाकडे आलेलं काम असतं, कुठली ओळ कुठल्या सालातली हे ते चालता चालता सांगतात.

आणि कबर राहिलीच नसेल तर? शहरातल्या दफनभूम्यांना जागा पुरत नाही, बऱ्याच वर्षांनी जुनी कबर उघडून त्याच जागी दुसऱ्याला ठेवावं लागतं, आधीच्या अस्थी तिथेच खाली राहतात किंवा आवारातच ठेवतात. आपल्याला ऐकायला कसंतरी होतं, पण त्यात अपमान काही नाही, इतर धर्मांच्या दफनभूम्यांतही हे करावं लागतं. बाबांना तेव्हा "कबर नाही" असं सांगू नका. ती याच आवारात आहे, या मातीत आहे, हे खरं आहे आणि तेच सांगा. मोठ्या सिमेट्र्यांत मधोमध एक क्रूस असतो, ज्यांच्या माणसाची जागा आता दाखवता येत नाही ते तिथे मेणबत्ती लावतात, फुलं वाहतात. बाबा तिथे वाहतील.

पुण्यात काहीच मिळालं नाही तर यजमानांचं मूळ गाव विचारा. पुण्यातली पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरं नगर (आताचं अहिल्यानगर), जालना, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) भागातून आलेली आहेत आणि माणूस गेलं की टेम्पो करून गावी नेतात, तिथल्या मंडळीची दफनभूमी असते. मग नोंद गावच्या चर्चमध्ये असणार.

आता भांडणाचं. ताई, तुम्ही विचारलंत मुलांना न कळवता होईल का. होईल, वरचं सगळं त्यांना न सांगता करता येतं. पण करू नका असं माझं मत आहे, आणि ठाम आहे. ती तुमची आत्या खरी पण ती त्यांची आई आहे, कबर त्यांनी राखली असेल किंवा त्यांना ती राखता आली नसेल, दोन्ही त्यांचं आहे. आईच्या माहेरची माणसं चाळीस वर्षांनी गुपचूप येऊन फुलं वाहून गेली हे त्यांना वॉचमनकडून कळलं तर काय वाटेल? आजोबांनी तिचं घर नाही असं धरलं होतं, आणि तुम्ही तिच्या मुलांना वळसा घालून तिच्यापर्यंत गेलात तर तेच पुन्हा होतंय, फक्त हातात फुलं आहेत एवढाच फरक. तुम्हाला लाज वाटते म्हणून टाळताय हे मला कळतं. ज्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली, त्याच पुण्यातलं तुमचं घर, आजोबा कुठल्या भीतीने वागले असतील ते समजून घेता येतं. पण मुलांशी बोलताना ते समजावून सांगायला जाऊ नका. "तेव्हा काळच तसा होता" हे वाक्य त्यांच्यासमोर एकदाही नको.

फोन करायला धीर होत नसेल तर दुसरा रस्ता आहे, मला तोच जास्त बरा वाटतो. चर्च सापडलं की पाळकांकडे किंवा फादरकडे मुलांसाठी बंद पाकिटात पत्र द्या आणि पोचवाल का विचारा. मुलं आज पन्नाशीच्या आसपासची असतील, पुण्याबाहेरही असतील, पण मंडळीत कुणाकडे तरी पत्ता असतोच. पत्र छोटं लिहा. मी तुमच्या मामांची मुलगी, मामा ८३ वर्षांचे आहेत, त्यांना बहिणीच्या कबरीवर यायचंय, तुमची हरकत नसेल तर, आणि हरकत असेल तरी आम्ही समजू. एवढंच. आणि मुद्दाम हेही लिहा की घराचा, जमिनीचा, सहीचा काही विषय नाही. कारण आपल्याकडे आईच्या माहेरहून इतक्या वर्षांनी निरोप आला की माणसाच्या मनात पहिलं येतं ते हक्कसोड पत्र, यांना आता सही पाहिजे म्हणून आठवण झाली. खरंच सातबाऱ्याचं काही लटकलेलं असेल, तर तो विषय या भेटीत अजिबात काढायचा नाही, तुमच्या भावांनाही बजावून ठेवा.

उत्तर आलं नाही तर? महिनाभर थांबा, मग बाबांना घेऊन जा. तुम्ही कळवलंत, त्यांना नाही म्हणायची संधी दिलीत. ते रागावून बोलले तर ऐकून घ्या, तो राग चाळीस वर्षं कुणीतरी ऐकायची वाट बघत होता. आणि ते म्हणाले चला आम्ही दाखवतो, तर रजिस्टर, दाखला, निधनवार्ता काहीच लागणार नाही, त्यांना ती जागा डोळे मिटून माहीत असेल.

बाबांच्या मनात रीतीरिवाजाचं असेल तर साधं ठेवा. फुलं चालतात, मेणबत्ती चालते, उदबत्ती लावायची इच्छा असेल तर तिथे कुणाला तरी विचारून लावा. कॅथलिक घर असेल तर फादरना सांगून आत्याच्या नावाने मिस्साही, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, ठेवता येते, त्याला तुम्ही ख्रिश्चन असायची गरज नाही. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक मृतांचा दिवस पाळतात, सिमेट्री झाडून-पुसून फुलांनी भरलेली असते, घरंच्या घरं आलेली असतात आणि कुणाची कबर कुठे हे सांगणारी म्हातारी माणसं त्या दिवशी हमखास भेटतात. भाऊबीजही त्याच्याच मागेपुढे येते, बाबांना ते बरं वाटेल. पण तोपर्यंत थांबायचं की नाही हे त्यांची तब्येत बघून ठरवा. पावसाळ्यात नेऊ नका, गवत गुडघ्याएवढं वाढतं, पायवाटा निसरड्या होतात, जनावरांची भीती असते. सकाळी न्या, घडीची खुर्ची आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, गेट किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

पत्रात यजमानांचं आडनाव आहे, पहिलं नाव नाही. तुम्हालाही ते माहीत नसावं असं वाटतंय. आज संध्याकाळी बाबांना तेवढं विचारा, आणि त्यांनी सांगितलं की लगेच लिहून ठेवा.